समुद्रकाठच्या सजावटीचा तयार सेट: पहिल्या पावसाळ्यात काय टिकतं, काय नाही

तागाच्या दोरीने मढवलेला गोल आरसा, दारातलं पायपुसणं, बैठकीत टाकायची तागाची चटई, उशांचे दोन अभ्रे, शिंपल्यांची झालर, लाकडी वाटणारा जहाजाचा नांगर आणि भिंतीवर टांगायचं जाळं. ‘कोस्टल डेकोर’ या नावाने ऑनलाइन मिळणाऱ्या तयार सेटमध्ये थोड्याफार फरकाने याच वस्तू असतात. पुण्या-नाशिकच्या कोरड्या हवेत त्या बऱ्यापैकी चालतात. खरी परीक्षा होते ती मुंबई, अलिबाग, रत्नागिरी, मालवण, पणजी अशा गावांत, म्हणजे समुद्र खरोखर दाराशी असतो तिथे. पावसाळ्यात इथली आर्द्रता दिवसेंदिवस 80 टक्क्यांच्या खाली येत नाही आणि वाऱ्याबरोबर मीठ घरात येतं. मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे वस्तू पुसून ठेवली तरी तिच्यावर ओलसर थर राहतोच. समुद्राच्या नावाने विकलेल्या या वस्तू समुद्राच्या हवेसाठी केलेल्याच नसतात. म्हणून इथे प्रत्येक वस्तू दिसते कशी यापेक्षा ती कशाची केली आहे यावरूनच तोलली आहे.

आरशापासून सुरुवात करू, कारण सेटमधली सगळ्यात देखणी आणि सगळ्यात लवकर बिघडणारी वस्तू तीच. आरसा उलटा करून पाहा. मागे तपकिरी, पुठ्ठ्यासारखी गुळगुळीत पाटी दिसते. ती एमडीएफ, म्हणजे लाकडाचा बारीक तंतू डिंकात दाबून केलेली फळी. तिची कापलेली कड उघडी असते, तिला ना रंग ना पट्टी. त्या कडेवर हॉट ग्लूच्या, म्हणजे वितळवून लावायच्या डिंकाच्या रेघा ओढून तागाची दोरी गुंडाळलेली असते. श्रावण लागेपर्यंत ही उघडी कड पाणी पिऊन पावासारखी फुगते, मधला भाग मात्र फुगत नाही. दोरी सैल पडते आणि डिंकाच्या रेघेलगत मोहरीएवढे काळे ठिपके दिसू लागतात. ती बुरशी. डिंकाखाली हवा खेळत नाही म्हणून ती तिथूनच सुरू होते, आणि ब्रशने घासली तर तागाचे तंतू सुटून येतात. एकदा फुगलेलं एमडीएफ उन्हात कितीही वाळवलं तरी मूळ जाडीला येत नाही. नांगराचंही तेच, तो याच फळीतून कापलेला असतो. या दोन वस्तूंसाठी सेट घेऊ नये.

ताग आणि काथ्या यांतला फरक मात्र नीट समजून घ्यावा. दुकानदार दोन्हीला ‘नॅचरल रोप’ म्हणतात आणि फोटोत दोन्ही सारखेच दिसतात. ताग मऊ, चकचकीत, सोनेरी. हाताला रेशमासारखा लागतो, पण ओला झाला की कमजोर होतो आणि वाळताना तपकिरी डाग सोडतो. काथ्या नारळाच्या सोडणाचा. खरखरीत, तांबूस, बोटांना टोचणारा. त्यात लिग्निनचं, म्हणजे तंतूला कडक करणाऱ्या द्रव्याचं प्रमाण वनस्पतीच्या इतर तंतूंपेक्षा बरंच जास्त असतं, त्यामुळे तो सहजी कुजत नाही. पांढरा काथ्या काढायला सोडणं खाडीच्या मचूळ पाण्यात कित्येक महिने कुजत घालतात. बाकीचा गर कुजून जातो आणि तंतू शाबूत राहतो. ज्या वस्तूची पैदासच खाऱ्या पाण्यातून झाली, तिला पावसाळ्याच्या ओलीचं फारसं काही वाटत नाही. होड्या बांधायला आणि विहिरीचं पाणी ओढायला किनाऱ्यावर सुंभ, म्हणजे काथ्याचा दोरच वापरला जाई, तो यामुळेच. दोन्हींतला फरक ओळखायचा तर दोरीचं टोक उलगडा. तंतू लांब, सरळ आणि मऊ निघाले तर ताग. तोकडे, कडक, केसाळ निघाले तर काथ्या.

सेटमधलं पायपुसणं काथ्याचंच असतं, आणि ते या यादीतली चांगली वस्तू आहे. फक्त प्रकार पाहून घ्यावा. एका प्रकारात काथ्याचे आखूड तुकडे पीव्हीसीच्या थरात उभे रोवलेले असतात. माती छान झाडली जाते, पण पहिले काही आठवडे तुकडे गळतात आणि खालच्या थरामुळे पाणी निथळत नाही. असं पायपुसणं उघड्या ओट्यावर ठेवलं तर खालची फरशी आठवडाभर ओली राहते. छपराखालच्या, पाऊस न लागणाऱ्या दाराला ते ठीक. दुसरा प्रकार पूर्ण विणलेला, खाली कसलाही थर नसलेला. तो दोन्ही बाजूंनी वापरता येतो, उचलून झटकता येतो, दांडीवर टाकून वाळवता येतो. किनाऱ्यावर हाच घ्यावा. रोवलेल्या प्रकाराची परीक्षा सोपी आहे. कोपरा उलटा दुमडा. केसांच्या मुळाशी प्लास्टिकचा थर ठळक दिसला तर भरणा विरळ आहे, वर्षभरात मध्ये टक्कल पडेल. रंगीत छाप असेल तर ओला पांढरा रुमाल दहा-बारा वेळा घासून पाहा. रुमालाला रंग लागला तर तोच रंग पहिल्या पावसात फरशीवर उतरणार. पॉलिश केलेल्या संगमरवरावर किंवा व्हिनाइलच्या जमिनीवर पीव्हीसीचा थर महिनोन्‌महिने एका जागी ठेवू नये, खाली पिवळट चौकोन उमटतो आणि तो निघत नाही.

बैठकीतल्या चटईसाठी बहुतेक सेट ताग देतात, कारण काथ्या अनवाणी पायाला टोचतो. हे कारण खरं आहे. तेव्हा ताग घ्यायचाच असेल तर ऑक्टोबर ते मे अंथरायचा आणि पहिल्या पावसाआधी गुंडाळून, सुती चादरीत बांधून कपाटावर ठेवायचा. प्लास्टिकच्या पिशवीत कधीही नाही, आत कोंडलेली ओल तिला कुबट वास आणते. चटईवर चहा सांडला तर पुसू नका, टिपून घ्या. घासलं की डाग पसरतो, पाणी ओतलं की डागाभोवती तपकिरी कडं उठतं. टिपल्यावर चटई उभी करून दोन्ही बाजूंनी पंख्याचा वारा लागेल असं ठेवावं. घसरू नये म्हणून खाली रबराची जाळी घालतात, ती चटईपेक्षा चारही बाजूंनी इंचभर लहान कापावी, नाहीतर कडेने डोकावते आणि पाय अडकतो. मापाचं म्हणाल तर तीन जणांच्या सोफ्यापुढे 5 बाय 7 फुटांची चटई आणि सोफ्याचे पुढचे दोन पाय तिच्यावर. सेटमध्ये येणारी 3 बाय 5 ची चटई मध्ये एकटी पडलेली दिसते. वर्षभर एकच चटई ठेवायची असेल तर मात्र विणलेली काथ्याचीच घ्यावी. टोचण्याची सवय होते, कुबट वासाची होत नाही.

आता भिंत. सेटबरोबर हल्ली ‘लाइमवॉश’ नावाचा रंगही सुचवला जातो. ढगाळ पांढरी, थोडी खडूसारखी दिसणारी भिंत या सजावटीचा जीव आहे, यात शंका नाही. पण डब्यावरची बारीक अक्षरं वाचा. ‘अ‍ॅक्रिलिक’ हा शब्द दिसला तर तो चुन्यासारखा दिसणारा प्लास्टिक रंग आहे. नमुन्याच्या वाळलेल्या तुकड्यावर पाण्याचा थेंब टाका. खरा चुना थेंब शोषून घेतो आणि तिथे गडद होतो. अ‍ॅक्रिलिकवर थेंब मण्यासारखा बसून राहतो. फरक केवळ शुद्धतेच्या हट्टाचा नाही. खाऱ्या हवेतल्या भिंतीत ओल असतेच, आणि ती बाहेर पडायला वाट हवी. प्लास्टिकच्या थराने वाट अडली की थरामागे लोणा, म्हणजे भिंतीतला खार साचतो आणि रंगाचे पोपडे सुटतात. चुना ओल बाहेर जाऊ देतो. किनाऱ्यावरच्या जुन्या घरांना शिंपले भाजून काढलेला चुना लावत, तो काही नुसता हौसेखातर नव्हे.

खरा चुना स्वतः करून घेणं हे या सगळ्यात कमी खर्चाचं आणि सगळ्यात चांगलं काम आहे. 10 बाय 12 फुटांच्या एका भिंतीला तीन हात द्यायला 3 किलो कळीचा चुना पुरतो. चुना लोखंडी किंवा पत्र्याच्या भांड्यात विरवावा, कारण पाणी उकळण्याइतकं तापतं आणि पातळ प्लास्टिकची बादली मऊ पडते. आधी पाणी, मग त्यात थोडा थोडा चुना. उलट करू नका, उसळून अंगावर येतो. डोळ्यांना चष्मा आणि हातांत रबरी मोजे हवेतच. किलोला 5 लिटर पाणी धरलं की 15 लिटर पातळ दुधासारखं द्रावण होतं. ते 24 तास मुरू द्यायचं आणि जाड्या कापडातून गाळायचं. दर 10 लिटरला 40 ग्रॅम डिंक गरम पाण्यात विरघळवून घालायचा, म्हणजे इथे साधारण 60 ग्रॅम. डिंक नसला तर वाळल्यावर हाताला पांढरं लागतं, कपडे पांढरे होतात. झळाळीसाठी नीळ घालायची ती किलो चुन्याला 3 ग्रॅमपर्यंत, त्याहून जास्त नाही. नीळ पुडीतली, अल्ट्रामरीनची हवी. चुन्यात ती टिकते. बाटलीतल्या पातळ निळीचा रंग उडून जातो. फिकट गुलाबी-तांबूस छटा हवी असेल तर काव उत्तम. मातीचे रंग चुन्यात बिघडत नाहीत.

लावताना भिंत आधी पाणी मारून ओलसर करावी. प्रत्येक हात म्हणजे चार फटकारे: वरून खाली, खालून वर, मग उजवीकडून आणि डावीकडून, आणि हे सगळं पहिला फटकारा वाळायच्या आत. ओला चुना जवळजवळ पारदर्शक दिसतो, त्यामुळे नवखा माणूस घाबरून जाड थर देतो. तिथेच बिघडतं. जाड थराला भेगा जातात आणि तो पापुद्र्यांनी सुटतो. चुना नुसता वाळत नाही, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडी होतो, आणि त्याला सावकाश सुटणारी ओल लागते. म्हणून मे महिन्याच्या झळांत लावलेला चुना भुरभुरतो आणि आषाढात लावलेला वाळतच नाही. दिवाळीनंतर ते फेब्रुवारी हा योग्य काळ. अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या आणि ग्रॅनाइटचे ओटे आधी झाकून घ्या. अ‍ॅल्युमिनियमला चुना खातो आणि पांढरे कायमचे डाग पडतात.

एक अट आधीच सांगायला हवी. प्लास्टिक पेंट किंवा पीओपीवर चुना धरत नाही. फ्लॅटमधल्या भिंतीवर पुट्टी आणि त्यावर इमल्शन असतं, ते खरवडून सिमेंटच्या प्लास्टरपर्यंत जावं लागतं. एका खोलीला हे काम कष्टाचं आणि धुळीचं आहे. सगळ्या घराला करण्यापेक्षा बैठकीची एकच भिंत निवडावी. आणि त्या भिंतीत बाहेरून पाणी झिरपत असेल तर आधी गळती बंद करा. चुना ओल बाहेर जाऊ देतो, गळती थांबवत नाही.

वेताचं फर्निचर बऱ्याचदा याच सजावटीबरोबर विकलं जातं. वेत भरीव असतो, बांबू पोकळ आणि पेरांवर फुगीर, एवढं पाहिलं तरी फसवणूक टळते. खुर्चीचा सांधा बोटाने चाचपा. वरून वेताची पट्टी घट्ट गुंडाळलेली आणि आत स्क्रू असेल तर सांधा वर्षं काढतो. नुसता खिळा मारून वर पट्टी चिकटवली असेल तर तो दोन पावसाळ्यांत लटपटतो. मोठा शत्रू म्हणजे भुंगा. खुर्चीच्या पायाखाली पिठासारखी पूड आणि अंगावर टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं दिसली तर तो आत आहे. यावर बोरिक अ‍ॅसिड आणि बोरॅक्सचं द्रावण चालतं, पण पॉलिश किंवा लॅकर लावण्याआधीच. लॅकरवरून ते आत शिरत नाही. तेव्हा विकत घेतानाच ‘बोरॅक्समध्ये बुडवलंय का’ हे विचारावं, आणि विक्रेत्याला प्रश्नच कळला नाही तर पुढच्या दुकानात जावं. उघड्या बाल्कनीसाठी खरा वेत घेऊ नका. तिथे प्लास्टिकचा वेत बरा, पण त्याची चौकट अ‍ॅल्युमिनियमची हवी. रंग दिलेल्या लोखंडी चौकटीचा गंज प्लास्टिकच्या विणीतून लाल ओघळ होऊन फरशीवर उतरतो.

ओघळांवरून धातूचं. पडद्याची दांडी, हूक, आरशाची साखळी यांवर ‘स्टेनलेस’ लिहिलेलं असतं, पण स्टेनलेसच्याही जाती असतात. स्वस्त सामान बहुतेक 202 चं, ते किनाऱ्यावर एका मोसमात चहाच्या डागांसारखं तांबूस होतं. 304 घरात आत चालतं. समुद्राकडच्या खिडकीला आणि बाल्कनीला 316 हवं. त्यात 2 ते 3 टक्के मोलिब्डेनम हा धातू असतो, त्यामुळे ते मिठाला दाद देत नाही. लोहचुंबकाने 304 आणि 316 वेगळे ओळखता येत नाहीत, म्हणून चुंबक लावून दाखवणाऱ्यावर विसंबू नये, बिलावर जात लिहून घ्यावी. पितळ हा याहून जुना आणि जास्त देखणा पर्याय. काळवंडतं, पण खंगत नाही, आणि चिंचेने उजळतं.

जाळं, शिंपले, प्रवाळ या सामानाबद्दल जास्त काळजी वाटते. सेटमधलं जाळं सुताचं आणि शोभेचं असतं, ते धूळ धरतं एवढंच. पण कोळीवाड्यातून खरा जुना पाग, म्हणजे फेकून मासे धरायचं जाळं आणून टांगायची हौस असते. पागाच्या कडेला बहुधा शिशाच्या गोळ्या असतात. शिसं विषारी आहे आणि रांगतं मूल दिसेल ते तोंडात घालतं. भिंतीवर चढण्याआधी सगळ्या गोळ्या कापून काढा, जाळं दोन-तीनदा गोड्या पाण्यात भिजवून मीठ आणि मासळीचा वास जाऊ द्या, मग उन्हात वाळवा.

शिंपल्यांच्या झालरीत दोरा हा कच्चा दुवा. भोकाच्या धारदार कडेवर नायलॉन घासतो आणि वाऱ्याने हलता हलता एक दिवस अख्खी सर खाली येते. प्रत्येक शिंपल्याखाली गाठ असेल तर एकच तुकडा पडतो. अशी गाठीची झालर घ्यावी किंवा घरीच ओवावी. स्वयंपाकात आलेल्या तिसऱ्यांचे शिंपले यासाठी झकास. उकडल्यावर आतला चिकट भाग खरवडून काढा, बादलीभर पाण्यात अर्धी वाटी ब्लीच घालून दिवसभर ठेवा, ब्रशने घासा, स्वच्छ पाण्यातून काढा, सावलीत वाळवा आणि खोबरेल तेलाचं बोट फिरवा. लिंबू किंवा व्हिनेगर नको. शिंपला चुनखडीचा असतो, आंबट पदार्थ त्याची चमक खातो. शिवाय ब्लीचमध्ये आंबट मिसळलं तर विषारी वायू सुटतो.

प्रवाळाचे पांढरे तुकडे, समुद्रपंखा (तेही प्रवाळच), वाळवलेले समुद्रघोडे विकत घेऊ नयेत, भेट म्हणूनही स्वीकारू नयेत. प्रवाळ आणि समुद्रघोडे यांना वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 खाली पहिल्या अनुसूचीचं, म्हणजे वाघाच्या दर्जाचं संरक्षण आहे. वास्तुदोषावर उपाय म्हणून चौकटीत घालून विकलं जाणारं ‘इंद्रजाल’ ही वनस्पती नव्हे, ते काळं प्रवाळ आहे. समुद्रात हळूहळू वाढलेला जीव भिंतीसाठी तोडलेला असतो. दुकानाचं बिल हातात असलं तरी तो गुन्हाच राहतो. शोभेला आकारच हवा असेल तर रेझिनची नक्कल मिळते.

कापडाबद्दल थोडक्यात. सेटमधले अभ्रे पॉलिएस्टरवर छापलेले असतात, दमट हवेत गालाला चिकटतात. त्याऐवजी मांजरपाट घ्यावं. पडद्यासाठी खिडकीच्या रुंदीच्या दुप्पट कापड, म्हणजे 4 फुटी खिडकीला 8 फूट रुंदी. शिवण्याआधी कापड गरम पाण्यात भिजवून वाळवा, नाहीतर पहिल्या धुण्यात आटून खिडकीच्या चौकटीवर चढतं. रंगांचं म्हणाल तर गडद निळा-पांढरा पट्टा ही परक्या किनाऱ्यांची ओळख. आपल्याकडे जांभ्याचा लाल, काथ्याचा तांबूस, चुन्याचा पांढरा आणि पावसाळी समुद्राचा मातकट हिरवा हे रंग एकत्र जास्त शोभतात. कोकणातल्या कुठल्याही कौलारू घराच्या पडवीत ते शेजारी शेजारी नांदतात.

आरशाशिवाय ही खोली पुरी वाटत नाही हेही खरं. तेव्हा सेटचे पैसे वाचवून तो सुताराकडून करून घ्यावा. 18 इंची गोल आरसा आणि आयएस 710 या भारतीय मानकाचा छाप असलेल्या 12 मिलिमीटर मरीन प्लायची 24 इंची गोल पाटी. पाटीच्या कडेला आणि मागे दोन हात प्रायमर. भोवतीच्या 3 इंची पट्ट्यावर 10 मिलिमीटर जाडीच्या सुंभाचे सात-आठ वेढे बसतात, त्याला साडेतेरा मीटर लागतो, 15 मीटर आणावा. सुंभ आधी दिवसभर ताणून टांगून ठेवावा, म्हणजे वेढे मागाहून सैल पडत नाहीत. चिकटवायला पाण्याला टिकणारा लाकडाचा गोंद, हॉट ग्लू नको. मागच्या कड्या पितळेच्या. आरसा पाटीवर बसवायला सिलिकॉन वापरतात, तो न्यूट्रल प्रकारचाच मागावा. ट्यूब उघडताच व्हिनेगरचा आंबट वास आला तर तो परत करावा. त्यातलं अ‍ॅसिड आरशामागचा मुलामा खातं आणि काही महिन्यांत काचेत कडेपासून काळे डाग चढू लागतात.